गाडीवरचा चरा : रंगापुरता की पत्र्यापर्यंत?

या महिन्यात किनारपट्टीवरून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी मोटारीच्या रंगावर पडलेल्या चऱ्यांविषयी आहेत. पावसाळा तोंडावर आल्यामुळे त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या घराकडे येणारा रस्ता अरुंद असून दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा आहे. गाडी वळवताना मागच्या दारावर हातभर लांबीचा चरा पडला. त्यात बहुतेक ठिकाणी राखाडी थर दिसतो, एका ठिकाणी मात्र उघडा पत्रा चमकतो. गॅरेजवाले म्हणतात, पूर्ण दार रंगवून घ्या. मुलाचे म्हणणे, आता पावसाळ्यानंतरच काय ते पाहू. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पूर्ण दार रंगवणे लांबवता येईल, उघडा पत्रा झाकणे लांबवता येणार नाही. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवला जातो, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट येतो. या साऱ्या थरांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा-आठवा हिस्सा असते, आणि जांभ्याच्या खरखरीत कडेला तेवढे खरवडून काढायला फारसा जोर लागत नाही. आपल्याला दिसणारा राखाडी थर बहुधा प्रायमरचा आहे. तो तेथे आहे तोवर खालचा पत्रा सुरक्षित आहे; मात्र प्रायमर उन्हापावसात उघडा राहण्यासाठी बनवलेला नसतो, त्यामुळे तोही फार काळ तसा सोडू नये.

खरी घाई चमकणाऱ्या त्या जागेची आहे. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ गाडीवर बसते आणि हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलाच ओलावा शोषून विरघळते. समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर याहून पुष्कळ कोरड्या हवेतही ओले राहते. म्हणूनच पावसाचा थेंब पडला नसतानाही आपल्याकडे चऱ्यातला पत्रा ओला असतो आणि क्लोराइडमुळे गंज वेगाने धरतो. आपल्या गाडीचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर जस्त स्वतः झिजून काही काळ लोखंडाला वाचवते, पण खाऱ्या हवेत तेही लवकर संपते. गंज एकदा रंगाच्या कडेखाली शिरला की फुगवटे येतात आणि मग टचअपने भागत नाही, रंग पत्र्यापर्यंत उतरवावा लागतो.

एखाद्या कोरड्या दिवशी, गाडी सावलीत उभी करून, ती जागा गोड्या पाण्याने आणि शॅम्पूने धुऊन पूर्ण वाळू द्यावी. तांबूस डाग दिसू लागला असेल तर बारीक वॉटर पेपरने तेवढाच भाग घासून गंज काढावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि बारीक ब्रशने गंजरोधक प्रायमर लावावा. तो वाळल्यावर टचअपचा रंग एकाच जाड थरात न भरता दोन-तीन पातळ थरांत द्यावा आणि शेवटी क्लिअर कोट लावावा. रंगाचा सांकेतिक क्रमांक गाडीनुसार दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली लावलेल्या पट्टीवर असतो. केवळ ‘पांढरा’ किंवा ‘चंदेरी’ सांगून रंग आणू नये. काम होईपर्यंत त्या जागी चिकटपट्टी लावून ठेवण्याची पद्धत आहे, ती मला पसंत नाही, कारण कडेने शिरलेले पाणी पट्टीखाली अडकून राहते. जवळून पाहिले तर ही दुरुस्ती दिसेल, पण पावसाळाभर पत्रा सुरक्षित राहील.

पूर्ण दाराचे काम दिवाळीनंतर करणे बरे, कारण दमट हवेत फवारलेल्या रंगावर पांढुरका धूसरपणा येण्याचा संभव असतो. बंद व तापमान राखणारे पेंट बूथ असलेल्या गॅरेजला ही अडचण कमी येते. रंग मेटॅलिक असेल तर गॅरेजवाल्यांनी आधी एका पट्टीवर फवारा मारून ती उन्हात गाडीशेजारी धरून दाखवावी, असा आग्रह धरावा. जुना रंग उन्हाने थोडा उतरलेला असतो, म्हणून क्रमांक जुळूनही छटा जुळेलच असे नाही, आणि चांगला रंगारी शेजारच्या दारावरही रंग हळूहळू विरवत नेतो. नव्या रंगावर निदान महिनाभर वॅक्स लावू नये.

प्रश्न : माझी गाडी काळ्या रंगाची आहे. मी ती रोज सकाळी स्वच्छ फडक्याने पुसतो, तरीही उन्हात तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतात. टूथपेस्टने ते जातात असे ऐकले आहे. रबिंग कंपाउंड दरवर्षी करून घ्यावे का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : हे चरे आपल्या रोजच्या पुसण्यानेच पडत आहेत. लाल मातीची धूळ आणि किनाऱ्याची बारीक वाळू रंगावर बसलेली असताना कोरडे फडके फिरवले की ते कण रंगावर घासत जातात. गाडी रोज पुसू नये. आठवड्यातून एकदा आधी भरपूर पाणी मारून धूळ वाहू द्यावी, मग शॅम्पूच्या पाण्याने मऊ मायक्रोफायबरने धुवावी आणि फडके बुचकळण्यासाठी साध्या पाण्याची दुसरी बादली ठेवावी. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर शेवटचे पाणी नळाचे घ्यावे आणि गाडी तशीच वाळू न देता टिपून घ्यावी.

चरा किती खोल आहे हे ओळखण्याची सोपी रीत अशी : त्यावर पाणी लावावे. ओले असताना तो दिसेनासा झाला आणि नख आडवे फिरवल्यावर अडकले नाही, तर तो क्लिअर कोटपुरताच आहे. असे चरे कंपाउंडने जातात, परंतु ‘जातात’ याचा अर्थ त्यांच्या आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत घासून उतरवला जातो. तो थर मुळात ४० मायक्रॉनच्या आसपास असतो आणि उतरलेला परत येत नाही. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण तोच करतो. तेव्हा दरवर्षी कंपाउंड करू नये. चार-पाच वर्षांतून एकदा, जाणत्या माणसाकडून केलेले पॉलिश पुरे आहे. टूथपेस्टमध्येही घासणारे कणच असतात, पण ते दातांसाठी, रंगासाठी नव्हेत. वॅक्सने चरे बुजल्यासारखे दिसतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा दिसू लागतात. तेवढ्यावर समाधान मानायला माझी हरकत नाही.

प्रश्न : दाभोळ–धोपावे फेरीबोटीत गाडी चढवताना पुढच्या बंपरचा कोपरा घासला गेला. आतला काळा भाग दिसतो. तातडीने रंगवावा का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : नाही. बंपर प्लास्टिकचा आहे, त्याला गंज चढत नाही. दिसायला खटकत असेल तेव्हाच रंगवावा, आणि त्या वेळी प्लास्टिकवर रंग धरून ठेवणारा वेगळा प्रायमर वापरला जातो ना, हे विचारून घ्यावे. तो नसेल तर रंगाचे पापुद्रे निघतात. भर वाऱ्यात फेरीबोटीवर गाडीवर खारे तुषार येतात, म्हणून त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी धुवावी आणि खालच्या बाजूलाही पाणी मारावे.

प्रश्न : कोणीतरी किल्लीने दोन्ही दारांवर रेघ ओढली आहे. गॅरेजने सात हजार रुपये सांगितले. विमा सर्वसमावेशक आहे आणि पाच वर्षांत एकही दावा केलेला नाही. दावा करावा का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : आधी हिशोब मांडावा. सलग पाच वर्षे दावा न केल्याबद्दल आपल्याला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात ५० टक्के सवलत मिळत असणार. दावा केला की ती पुढच्या नूतनीकरणात शून्यावर येते आणि नंतर दरवर्षी २०, २५, ३५, ४५ अशी चढत पुन्हा ५० वर पोहोचते. म्हणजे पाच वर्षांत मिळून एका वर्षाच्या हप्त्याच्या १२५ टक्के रक्कम हातची जाते. सवलतीपूर्वीचा हा हप्ता आठ हजार धरला तर ती दहा हजार होते. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी भरेल. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात, त्याहून मोठ्या इंजिनाला २,०००. सवलत राखण्याचे वेगळे संरक्षण पॉलिसीत घेतलेले नसेल, तर सात हजारांसाठी दावा करू नये, असे माझे मत आहे.

दावा करायचाच असेल, तर विमा कंपनीला कळवून सर्वेक्षकाने पाहिल्याखेरीज कामाला हात लावू देऊ नये. जुन्या, वेगवेगळ्या प्रसंगी पडलेल्या चऱ्यांची कामे ‘त्याच दाव्यात उरकून घेऊ’ असे गॅरेजवाले सुचवतात. ते मान्य करू नये, कारण प्रत्येक घटना हा स्वतंत्र दावा मानला जातो.