नाशिकमध्ये राहून ख्रिस्ती श्रद्धेतून पूर्णवेळ चित्रकार होता येईल का?
हो, होता येईल. पण फक्त चर्चच्या कामावर घर चालेल असं धरू नका. मी इथे हेच काम करतो. चर्चची कामं हंगामी असतात: नाताळची गव्हाणी, ईस्टरआधीच्या उपवासकाळातली क्रुसाच्या वाटेची (येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची) चित्रं, फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेआधीची मागणी. मधले महिने व्यक्तिचित्रं, शाळांच्या भिंती आणि चित्रकलेच्या शिकवण्यांवर काढावे लागतात. ते काम श्रद्धेबाहेरचं आहे असं मी मानत नाही. गोव्यात जन्मलेले चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले, त्यांनी येशूची आई मरिया हिला साडीत रंगवलं आणि त्याबद्दल टीकाही सोसली. त्यांची चित्रं सावकाश पाहा. युरोपातल्या छापील चित्रांच्या नकला करणारे पुष्कळ आहेत. गोदाकाठची माणसं, इथलं ऊन घेऊन शुभवर्तमानातली येशूची कथा रंगवणारे फार थोडे. तुमची जागा तिथे आहे. एक मात्र पाळा: काम चर्चचं असलं तरी लेखी मागणी आणि आगाऊ रक्कम घ्या. एखादं चित्र सेवा म्हणून द्यायचं असेल तर आनंदाने द्या, फक्त ते ब्रश हातात घेण्याआधी ठरवा.