लॉग एक्सचं इंटिग्रेशन बाय पार्ट्सने करताना तो १ कुठून येतो, आणि व्ही काढताना + सी का लिहीत नाहीत?

१ कुठून येत नाही, तो असतोच: लॉग एक्स म्हणजे लॉग एक्स × १. बाय पार्ट्स म्हणजे दोन फंक्शन्सच्या गुणाकाराचं इंटिग्रेशन करायचं सूत्र: ∫यू डीव्ही = यू व्ही − ∫व्ही डीयू. लॉगचं डेरिव्हेटिव्ह १/एक्स इतकं साधं आहे म्हणून लॉगला यू धरायचं, १ चं इंटिग्रेशन करून व्ही = एक्स, मग एक्स आणि १/एक्स उडतात आणि उत्तर एक्स लॉग एक्स − एक्स + सी. झालं.

पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी कॉलेजात भांडलेय. टेस्टला लॉग(एक्स + ३) चं इंटिग्रेशन होतं. मी मुद्दाम व्ही = एक्स + ३ घेतला, कारण मग खालचा एक्स + ३ लगेच कटतो आणि दोन ओळीत उत्तर येतं: (एक्स + ३) लॉग(एक्स + ३) − एक्स + सी. सरांनी त्या + ३ ला लाल गोल करून निम्मे मार्क कापले. मी पेपर घेऊन गेले, त्यांच्यासमोर कंस सोडवून दाखवला, त्यांचंच उत्तर निघालं, तरी म्हणाले उत्तर बरोबर असेल पण पद्धत चुकीची. अजिबात चुकीची नाही! व्हीच्या जागी व्ही + के (के म्हणजे कुठलाही स्थिर आकडा) टाकून बघा, पहिल्या पदात के यू जास्तीचा येतो आणि इंटिग्रलमधून तोच के यू वजा होतो. म्हणजे के काहीही घ्या. नेहमी शून्य घेतात ती फक्त सवय आहे, नियम नाही.

एक्स लॉग(एक्स + १) करताना तर हे वापराच. व्ही = (एक्स² − १)/२ घेतलात की भागाकार करत बसावं लागत नाही, आत नुसतं (एक्स − १)/२ उरतं.

आणि हो, के दोन्हीकडे एकच पाहिजे, आणि हे सगळं बेस ई च्या लॉगसाठी. लॉग एक्स/एक्स दिसलं तर बाय पार्ट्सच्या नादी लागू नका, टी = लॉग एक्स घेतलं की एका ओळीत सुटतं. १/लॉग एक्सचं उत्तर तर आपल्या नेहमीच्या फंक्शन्समध्ये येतच नाही, तिथे कितीही वेळा पार्ट्स लावा.

पेपरात मात्र व्ही = एक्स + ३ च्या शेजारी के = ३ घेतला असं स्पष्ट लिहा. तरीही मार्क कापले तर उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढून त्यांच्यासमोर ठेवा, आणि पद्धतीत नेमकी कुठली पायरी चुकली ते दाखवायला सांगा.