गाडीच्या डाव्या हेडलाइटचा झेनॉन बल्ब गेला आहे. डी१एस प्रकारच्या बल्बच्या जागी डी३एस चालेल का, आणि दोन्ही बदलावे लागतील का?

डी१एसच्या जागी डी३एस चालणार नाही, आणि बल्ब शक्यतो जोडीनेच बदलावेत. दोन्ही प्रकार ३५ वॅटचेच असले, तरी डी१एसमध्ये पारा असतो व तो साधारण ८५ व्होल्टवर चालतो, तर पाराविरहित डी३एसला सुमारे ४२ व्होल्ट लागतात. त्यामुळे बॅलास्ट, म्हणजे बल्बला योग्य वीजदाब पुरवणारे उपकरण, वेगळे असते आणि बल्बच्या बुडाची खाचही मुद्दाम निराळी ठेवलेली असते. म्हणून जुन्या बल्बच्या बुडावर छापलेला क्रमांकच दुकानदाराला दाखवावा. वापराने झेनॉनचा उजेड मंदावतो आणि रंगही बदलत जातो, त्यामुळे एकच नवा बसवल्यास दोन दिवे दोन तऱ्हेचे दिसतात. नवी जोडी मूळच्या रंगाची, म्हणजे सुमारे ४३०० केल्विनची घ्यावी, कारण ८००० केल्विनचा निळा उजेड दिसायला ऐटदार असला तरी पावसात फारसा कामाचा नाही. मात्र खरेदीपूर्वी डाव्या-उजव्या बल्बची अदलाबदल करून पाहावी: उजवा बल्बही डाव्या बाजूस पेटला नाही, तर दोष बॅलास्टमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. पेटताना २०,००० व्होल्टहून अधिक दाब निर्माण होत असल्याने हे काम दिवे बंद करून, किल्ली काढून आणि बल्ब गार झाल्यावरच करावे; काचेला बोट लावू नये.