वडिलांची बारा बोअरची बंदूक माझ्या नावावर झाली आहे. पुण्यात फ्लॅटमध्ये ठेवायला कसली तिजोरी घेऊ आणि आत काय काय बसवू?

तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, "तोपर्यंत हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये ठेवली तर चालेल का, दिसतेही छान", ते वाचलं आणि लिहायला बसलो. एरवी मी इथे नुसता वाचणारा माणूस. तर नाही चालणार. एक रात्र पण नाही. तिजोरी यायला महिना लागणार असेल तर तोपर्यंत नळी एका कपाटात, दस्ता (मागचा, खांद्याला टेकवायचा भाग) दुसऱ्या कपाटात आणि काडतुसं तिसरीकडे कुलपात, पण शोकेस नाही म्हणजे नाही.

आमचं घर कुडाळ तालुक्यात. बाबांनी १९८७ साली शेती संरक्षणाचा परवाना काढला, काजू आणि नारळावर वानरं, भातात डुकरं, त्यासाठी. ऑर्डनन्स फॅक्टरीची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची. वर्षाला आठ-दहा काडतुसं उडत असतील, ती पण बहुतेक हवेत, वानरं हुसकावायला. तेव्हा ती माजघरात दोन खुंट्यांवर आडवी असायची आणि आमच्यापैकी कोणाची तिला हात लावायची छाती नव्हती, कारण बाबांचा हात बंदुकीपेक्षा जोरात चालायचा. २०१२ ला घराला रंग काढला तेव्हा दादाच्या (थोरला भाऊ, डोंबिवलीला असतो) डोक्यात आलं की बाबांची बंदूक अशी खुंटीवर बरी दिसत नाही, तिला मान पाहिजे. मग सुताराकडून सागवानी शोकेस करून घेतली, पुढे काच, आत लाल मखमल, खाली एक ड्रॉवर, त्यात काडतुसांचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा. कुलूप म्हणजे ते ड्रॉवरला असतं ते चपटं, त्याला हेअरपिन पण जास्त होते. किल्ली देवघरात फोटोच्या मागे. घरातल्या मांजराला पण माहीत.

मी तेव्हाच म्हटलेलं की हे काही बरोबर नाही. दादा म्हणाला तुला काय कळतं. आता धाकट्याला काय कळणार.

२०१६ चे गणपती. घरात माणसंच माणसं, बायका मोदकाच्या गडबडीत, पुरुष भजनाच्या. दुपारी मी मागच्या दाराने विहिरीकडे चाललेलो तर खळ्यात दादाचा मुलगा, नऊ वर्षांचा, बंदूक घेऊन उभा. धड उचलत पण नव्हती त्याला, दस्ता काखेत अडकवलेला आणि नळ्यांचं तोंड माडावरच्या कावळ्याकडे, म्हणजे तो कावळ्याकडे धरायला बघत होता पण वजनाने नळी खाली खाली येत होती आणि खाली पायरीवर माझी मुलगी बसलेली, पाच वर्षांची, दोन्ही कानांवर हात ठेवून. बार होणार म्हणून. मी पळत गेलो नाही, हळू चालत गेलो आणि बाजूने नळी वर ढकलून बंदूक काढून घेतली. मोकळी होती. पण त्याच्या हाफ पँटच्या खिशात दोन एलजीची, म्हणजे मोठ्या छऱ्यांची, काडतुसं होती. ती आत घालायला वरचा लिव्हर अंगठ्याने बाजूला ढकलावा लागतो आणि जुन्या बंदुकीचा लिव्हर कडक होता म्हणून, फक्त म्हणून.

आरडाओरडा झाला. दादा बाहेर आला आणि त्याचं पहिलं वाक्य, "मोकळी होती मा ती! कित्याक आरडतंस?" हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही आणि विसरणार पण नाही. बाबा काहीच बोलले नाहीत. रात्री मात्र त्यांनी बंदुकीची पुढची लाकडी पट्टी काढली आणि आपल्या ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. तिच्याशिवाय नळी नीट अडकून राहत नाही.

आणि त्याच वेळी दुसरं बघितलं. मखमलीला जिथे नळी टेकायची तिथे बरोबर एक रेघ, तांबूस, खरखरीत. चार पावसाळे मखमल पाणी पीत होती आणि नळीला पाजत होती. बाबांनी एवढी वर्षं खुंटीवर ठेवलेली, तेव्हा गंजाचा ठिपका नव्हता कारण वारा लागत होता.

मग २०१८ ला मी ती माझ्या नावावर करून घेतली. बाबा ७२ चे होते, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे, परवानाधारकाची सत्तरी झाली किंवा २५ वर्षं बंदूक बाळगून झाली की वारसाच्या नावावर करता येते. दादाला वाटलं मी बंदूक लाटली. असो.

आता तिजोरी. माझी पहिली चूक सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. ऑनलाइन एक डिजिटल लॉकर मागवला, फोटोत मोठा दिसत होता. आला तर आतली उंची ५० सेंटीमीटर आणि आमची नळी ३० इंच म्हणजे ७६ सेंटीमीटर. तिरपी घालून बघितली, उलटी घालून बघितली, आई बाजूला बसून हसत होती. आता त्यात तिचे दागिने आणि घराची कागदपत्रं असतात. शिवाय दुसऱ्याच जुलैत त्याची बटणं दाबली जाईनात, आत दमट हवा जाऊन कीपॅड मेला आणि शेवटी इमर्जन्सी किल्लीने उघडला. त्या किल्लीचं भोक कुठे असतं तर प्लास्टिकच्या झाकणाखाली. म्हणजे सगळं डिजिटल मिरवायचं आणि खरं कुलूप ते दोनशे रुपयांचं. म्हणून डिजिटल की किल्ली ह्या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर, लांब बंदुकीला किल्ली. चांगलं सहा किंवा आठ लिव्हरचं कुलूप. तुम्हाला अर्ध्या सेकंदात बंदूक काढायची नाहीये.

यूट्यूबवर अमेरिकन लोक कपाटाएवढ्या तिजोऱ्या दाखवतात, चोवीस बंदुकांच्या, ते बघून नादाला लागू नका. आपल्याकडे शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका. आणि बारा बोअर तीन तुकड्यांत सुटते, नळी, पुढची पट्टी, दस्ता, त्यामुळे तुम्हाला सगळ्यात लांब तुकड्यापुरतीच उंची लागते. घरी येणाऱ्याला पण चार फुटी उभी पेटी दिसली की कळतं आत काय आहे, तीन फुटी पेटी कपाटाच्या आत बसवली की कोणाला पत्ता लागत नाही.

मी शेवटी इथल्याच एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतली, कारण माझी हौस जोडूनच ठेवायची होती. (आता सुटीच ठेवतो, पेटी उगाच मोठी झाली.) १२० बाय ४० बाय ३५ सेंटीमीटर, ३ एमएमचा पत्रा, सगळं मिळून साठ-पासष्ट किलो, तेव्हा १४ हजारात. साध्या पत्र्याच्या कपाटाचा पत्रा एक एमएमच्या आतबाहेर असतो, तो पहारीने डब्यासारखा उघडतो, तेव्हा "गोदरेजचं कपाट आहे की" हे ज्याला त्याला सांगणारे असतात त्यांचं ऐकू नका, तिजोरी आणि कपाट वेगळं. फॅब्रिकेटरला एक गोष्ट मात्र डोक्यावर उभं राहून सांगा. बिजागऱ्या बाहेर असतील तर कोणी ग्राइंडरने कापल्या की दार निघून येतं, म्हणून बिजागरीच्या बाजूला आतून एक अँगल वेल्ड करून घ्यायचा, दार बंद झालं की तो चौकटीच्या मागे अडकतो. माझ्याकडे तो पहिल्यांदा नव्हता, परत नेऊन करून आणला, टेम्पोचं भाडं दोनदा.

आणि बोल्ट. पेटी भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट केली नसेल तर ती तिजोरी नाही, चोराला उचलून न्यायला सोयीची बॅग आहे. आमच्याकडे चिऱ्याची भिंत, त्यात फास्टनर घट्ट धरत नाही, चिरा भुगा होऊन येतो, म्हणून जमिनीत काँक्रीट ओतून त्यात पक्की केली. तुमच्या फ्लॅटची आतली भिंत त्या पांढऱ्या हलक्या ब्लॉकची असेल तर तिथे पण तेच होणार. आरसीसी कॉलम शोधा. नाहीतर स्लॅबमध्ये मारा, पण स्लॅब पाच-सहा इंची असते आणि तिच्यातून वायरिंगचे पाइप गेलेले असतात, त्यामुळे दोन-अडीच इंचांच्या खाली ड्रिल घालू नका आणि बाथरूमच्या आसपास तर नकोच.

आत काय बसवायचं हे तुम्ही विचारलंय. मखमल नको, कार्पेट नको, स्पंज नको, रेक्झिनचं कव्हर घालून तर अजिबात नको. जे जे मऊ ते ते ओल धरतं. नळी टेकते तिथे आणि तळाला जाड रबराची पट्टी, बस. नळी तोंड खाली करून उभी ठेवा, कारण तेल लावलेलं असतं ते ओघळतं, ते लाकडात उतरू नये. ओलीसाठी मी झिरोचा जुना, तापणारा बल्ब लावलाय आत, वायरीला मागून भोक, भोकाला रबरी बूच. जुन्या लोकांची युक्ती, पेटी-तबल्याच्या कपाटात असायची तीच, ह्याच कामाला विजेची गरम दांडी पण मिळते. पण पावसात लाइटचा भरवसा नाही म्हणून जोडीला अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत. निळी असते, ओल प्यायली की गुलाबी होते, मग गरम करून परत निळी करायची, फक्त स्वयंपाकाच्या तव्यावर नको, तो निळा रंग विषारी असतो, जुना तवा वेगळा ठेवा. तीन-चारशे रुपयांचं हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजायचं यंत्र, आत टाका. जुलैत माझ्या पडवीत ९० टक्क्यांच्या वर दाखवतं, पेटीत ५५ च्या आसपास. पुण्यात तुम्हाला एवढं लागणार नाही पण जून ते सप्टेंबर लक्ष ठेवा. महिन्यातून एकदा पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात, आणि ज्या पाहुण्याने हात लावला त्याच्या घामाचा ठसा तिथल्या तिथे पुसायचा. खरं तर पाहुण्याने हात लावायचाच नाही.

काडतुसं वेगळी. त्याच पेटीत ठेवायची असतील तर आत एक छोटा कप्पा, त्याला वेगळं कुलूप, वेगळी किल्ली. बाबांची खडकीच्या दारूगोळा कारखान्याची जुनी कागदी काडतुसं ओलीने अशी फुगलेली की चेंबरमध्ये जाईनात, ती रीतसर परत केली.

आता दादाचा मुद्दा, कारण हाच तुम्हाला पण कोणीतरी ऐकवणार आहे. "रात्री डुक्कर इला तर तू पेटी उघडून, जोडून, काडतूस घालीपर्यंत ता आख्खो वाफो खाऊन जाईत." मी घड्याळ लावून बघितलं. दोन मिनिटं दहा सेकंद. दोन मिनिटांत डुक्कर वाफा खात नाही, आणि खाल्ला तर खाल्ला, भात परत लावता येतं. शिवाय डुकरावर बार काढायला वनखात्याची परवानगी लागते, ती काय दोन मिनिटांत मिळते का.

दुसरी किल्ली बायकोकडे द्यावी का, हे तुम्ही विचारलंय. कायद्याने बंदूक ज्याच्या परवान्यावर आहे त्याच्याच ताब्यात पाहिजे, म्हणजे बायको असो, भाऊ असो, मोठा भाऊ असो, बंदुकीवर प्रेम असलेला मोठा भाऊ असो, नाव परवान्यावर नसेल तर किल्ली नाही. माझी दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये पाकिटात आहे. दादा दर गणपतीला येतो आणि आईसमोर म्हणतो, "बापाशीची बंदूक, चावी माका दी मगे." मी म्हणतो अर्ज कर, परवाना काढ, मग देतो. त्याचा मुलगा आता मोठा झालाय, तो गालात हसतो पण बापाच्या बाजूने बोलत नाही.

हे सगळं लांब बंदुकीचं. तुमच्याकडे रिव्हॉल्व्हर असतं आणि खरोखर कोणाकडून धोका असता तर पटकन उघडणाऱ्या छोट्या डिजिटल पेटीचं मी समजू शकलो असतो. आगीचं म्हणाल तर अग्निरोधक तिजोरीच्या अस्तरात जिप्सम असतं आणि जिप्सममध्ये पाणी, आगीत तेच वाफ होऊन वाचवतं पण एरवी आत ओल राहू शकते, तेव्हा ती घेतलीत तर सिलिका दुप्पट. आणि मी काही कुलूपवाला नाही, बजेट ३० हजार म्हणताय तर नावाजलेल्या कंपनीची तयार तिजोरी पण येईल, फक्त आतलं माप बघून.

गावातून पुण्यात आणताय तर पत्ता बदलल्याचं परवाना देणाऱ्या कार्यालयाला आधी कळवा. निवडणूक लागली की बंदूक जमा करायचा आदेश येऊ शकतो, २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा अशा दोनदा आमच्याकडच्या लोकांनी नेऊन दिल्या. देताना नळीला आतून-बाहेरून भरपूर तेल लावा आणि पावती परवान्याबरोबर जपा. परवान्याची झेरॉक्स मात्र पेटीत नको, पेटीच गेली तर नंबर कुठून सांगणार.

शोकेस अजून माजघरात आहे. आईने त्यात सावंतवाडीची लाकडी फळं मांडली आहेत. मखमल काढून टाकली.