पटावरची बत्तीस माणसं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यमंडळाला मोकळ्या मैदानात माणसांच्या सोंगट्या करून बुद्धिबळाचा डाव रंगवायचा आहे. निम्म्यांचं म्हणणं, दोन तयारीचे खेळाडू बसवावेत आणि खराखुरा डाव होऊ द्यावा, त्यातच थरार आहे. बाकीचे म्हणतात, डाव आधी ठरलेला हवा. तुम्ही कोणाच्या बाजूचे? – एका मंडळाचे कार्यवाह

उत्तर : ठरलेल्या डावाच्या. १९२४ साली लेनिनग्राडच्या राजवाड्यासमोरच्या चौकात असा खराखुरा डाव झाला होता. एका बाजूला लाल सेनेचे सैनिक, दुसऱ्या बाजूला नौसैनिक आणि चाली सांगायला रोमानोव्स्की आणि राबिनोविच हे दोन पट्टीचे खेळाडू. डाव चालला पाच तास, चाली झाल्या ६७ आणि निकाल लागला बरोबरीचा! खेळाडूंना तो गोड लागला असेल. तुमच्या प्रेक्षकांना लागणार नाही.

थराराचं म्हणाल, तर पुढची चाल प्रेक्षकाला कुठे माहीत असते? ती तुम्हाला माहीत असली म्हणून त्याचं काय बिघडतं? नाटकाची संहिता आपण पाठ करतोच की.

माझी शिफारस पॉल मॉर्फी या अमेरिकन बुद्धिबळपटूच्या १८५८ सालच्या पॅरिसमधल्या डावाची. ऑपेराचा प्रयोग चालू असताना नाट्यगृहातच, ब्रन्सविकचा ड्यूक आणि एक काउंट या जोडीविरुद्ध तो हा डाव खेळला. सतराव्या चालीला मात. एकूण १२ सोंगट्या मरतात, दोन्ही बाजूंच्या सहा-सहा. प्रत्येक मारामारीला दीड मिनिट आणि साध्या चालीला वीस सेकंद धरली, तर खेळ पंचवीस मिनिटांत संपतो. पुढे-मागे थोडं नाट्य, थोडं संगीत घालायला जागा उरते.

पण मला हा डाव आवडतो तो त्याच्या शेवटासाठी. (घरांची नावं अशी : उभ्या ओळी पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८.) डी-७ या एकाच घरात लागोपाठ चार जण पडतात : आधी काळा घोडा, मग त्याला मारणारा पांढरा हत्ती, त्या हत्तीला मारणारा काळा हत्ती आणि त्यालाही मारणारा पांढरा उंट. उंटाला मारून काळ्याचा दुसरा घोडा तिथे ठाण मांडतो. आता पांढरा वजीर बी-३ वरून निघतो आणि सरळ बी-८ पर्यंत चालत जातो. पाच घरं, वाटेत कोणी नाही. राजाला शह बसतो. काळ्याकडे दुसरी एकही कायदेशीर चाल नाही, घोड्याला वजीर मारावाच लागतो. तो मारायला घोडा डी-७ सोडतो आणि तो हलला की मागचा रस्ता मोकळा. पांढरा हत्ती डी-१ वरून धडधडत डी-८ वर. मात.

वजिराच्या त्या चालीला ढोल-ताशे सगळे बंद ठेवा. दोन्ही सैन्यांनी फक्त माना वळवून त्याच्याकडे पाहावं. बुद्धिबळातलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही समजतं की हा मरायलाच निघालाय.

जर्मन खेळाडू अँडरसनचा १८५१चा लंडनमधला ‘अमर डाव’ तुमच्यातले बुद्धिबळवाले नक्की सुचवतील. डाव अप्रतिम आहे. पण त्यात पांढऱ्याचे दोन्ही हत्ती पार मागच्या ओळीत मारले जातात आणि ते दोन बळी कशासाठी दिले, हे न खेळणाऱ्याला कळत नाही. मॉर्फीच्या डावात कोण कोणाला का मारतंय हे उघड्या डोळ्यांना दिसतं.

प्रश्न : आमच्याकडे नट बरे आहेत, पण तालमीत निम्मे लोक कंटाळतात. “आम्ही नुसतेच उभे,” ही त्यांची तक्रार. भूमिका कशा वाटाव्यात? – एक दिग्दर्शिका

उत्तर : तक्रार रास्त आहे, आणि खरं दिग्दर्शन इथेच सुरू होतं. वर सांगितलेल्या डावात ३२ पैकी १३ जण पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या घरातून हलतच नाहीत. पांढऱ्याची सहा प्यादी, काळ्याची चार, शिवाय काळा राजा आणि त्याच्या बाजूचे उंट आणि हत्ती. दिग्दर्शक सगळी मेहनत तलवारबाजीवर घेतात आणि या तेरा जणांना “सरळ उभे राहा” एवढंच सांगून मोकळे होतात. मग प्रयोगात कोणी कान खाजवतंय, कोणी ओळखीच्यांना हात करतंय. प्रेक्षकांची नजर नेमकी तिकडे जाते. ती हालचालीवर जाते, आणि चुकीच्या हालचालीवर आधी जाते.

प्रत्येकाला नातं द्या. ए-७ वरच्या काळ्या प्याद्याचा सख्खा भाऊ बी-७ वर होता, तो पुढे गेला आणि मेला. आता याने काय करायचं? मागे वळून राजाकडे पाहायचं, आणि राजाने नजर चुकवायची. झाला प्रवेश, एकही पाऊल न टाकता. एफ-८ चा उंट आणि एच-८ चा हत्ती यांच्यासाठी तर मी खास बोलके नट ठेवीन. इतकी कत्तल चालली असताना या दोन धट्ट्याकट्ट्या सरदारांना कोणी हुकूमच देत नाही. ते आधी उतावीळ, मग चिडलेले, शेवटी हताश. मात होते तेव्हा काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा सगळे जिवंत असतात आणि राजाच्या कामाला एकही येत नाही. हे दुःख त्या दोघांच्या चेहऱ्यावर दिसलं, तर पंचवीस मिनिटं उभं राहण्याचं चीज झालं.

मेलेल्या बारा जणांना कपडे बदलायला पाठवू नका. पटाबाहेर दोन्हीकडे त्यांचे कोरस करा. प्रत्येक नव्या मरणाला त्यांनी एक हुंकार दिला की आवाज चढत जातो आणि मैदान भरल्यासारखं वाटतं.

इटलीतल्या मारोस्टिका गावात सम वर्षी सप्टेंबरमध्ये असा खेळ होतो. एका मुलीसाठी दोन सरदारांनी द्वंद्वाऐवजी बुद्धिबळ खेळावं, अशी १४५४ सालातली म्हणून त्याची गोष्ट सांगतात. ती लिहिली मात्र मिर्को वुचेतिच यांनी १९५४ च्या सुमारास. तेव्हा बिनधास्त स्वतःची गोष्ट रचा. पाणवठ्याचं भांडण, दोन बहिणींची वाटणी, काहीही चालेल. फक्त पांढरे चांगले आणि काळे वाईट, असं करू नका. रंगही तेच हवेत असं कुठे आहे? हळदी आणि निळा घ्या. दुरून आणि दिव्यात दोन्ही चटकन वेगळे ओळखू येतील एवढं पुरे.

प्रश्न : पट केवढा आखावा, आणि प्रेक्षक कुठे बसवावेत? – एक शाळाशिक्षक

उत्तर : घर पाच फुटांचं. चार फुटांत माणूस उभा राहतो, पण तलवार फिरवता येत नाही. म्हणजे पूर्ण पट ४० फूट बाय ४० फूट आणि चहूबाजूंनी निदान आठ फूट मोकळी जागा. फक्की मारण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे, साडेछप्पन फुटांच्या आसपास आले तर कोपरे काटकोनात आहेत. डोळ्यांच्या अंदाजाने आखलेला पट शेवटच्या ओळीला हमखास तिरका होतो. गवतावर एकाआड एक घर फक्कीने भरून घ्या. मातीवर फक्की पायांनी पुसते, तिथे कापडी चौकोन खिळ्यांनी ठोका, खिळ्यांची डोकी जमिनीत दाबून. आणि प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात फिकट घर आलं पाहिजे. हे चुकलं तर प्रेक्षकांतला एखादा दहा वर्षांचा मुलगा तुम्हाला सर्वांदेखत सांगेल.

प्रेक्षकांना सैन्याच्या पाठीमागे बसवू नका, त्यांना आठ पाठी आणि आठ मुकुट दिसतील. बाजूला बसवा. जागा एकाच बाजूला असेल तर ‘ए’च्या बाजूला, म्हणजे पांढऱ्याच्या डावीकडे. १२ पैकी ८ मारामाऱ्या पटाच्या त्या अर्ध्यात होतात आणि वजिराची शेवटची वाट तर अगदी समोरून जाते. उतार किंवा पायऱ्या मिळाल्या तर सोनंच. नाहीतर पुढच्या रांगा जमिनीवर, मागच्या खुर्च्यांवर आणि त्यामागे लोक उभे.

प्रश्न : कोण घोडा, कोण उंट, हे प्रेक्षकांना ओळखू कसं येईल? – वेशभूषा सांभाळणारी एक गृहिणी

उत्तर : डोक्यावरून. दुरून कपड्याची जर दिसत नाही, आकार दिसतो. हत्तीच्या डोक्यावर चौकोनी बुरूज, उंटाला उंच निमुळती टोपी, घोड्याला आयाळ. राजा सगळ्यांत उंच, वजीर त्याच्या खालोखाल. प्याद्यांना साधा पटका. शिरपेच हनुवटीखाली पट्ट्याने बांधा, वाऱ्याला नाटकाची कदर नसते. झगे घोट्याच्या वर. पुठ्ठ्याची चिलखतं कितीही देखणी झाली तरी दव पडलं की लोळागोळा होतात, त्यापेक्षा जाड फोमवर रंग द्या.

प्रश्न : तलवारबाजी मुलांना द्यावी का? – एक पालक

उत्तर : प्यादी म्हणून उभी करा, तलवार देऊ नका. प्याद्याला मारायला ढकलणं, झेंडा हिसकावणं, नुसतं बोट दाखवणंही चालतं. मोठ्यांच्या लढतीत लाकडी तलवार, वार नेहमी शरीराच्या बाहेरच्या रेषेत, चेहऱ्याकडे कधीच नाही. आणि लढत मरणाऱ्याने चालवायची : त्याने नजरेने तयार असल्याची खूण दिल्याशिवाय मारणाऱ्याने हात उचलायचा नाही. तालीम आधी संथ, मोजत. वेग अंगात मुरला की आपोआप येतो. नवशिके नट जोशात येतात ते प्रयोगाच्या दिवशी, म्हणून त्या दिवशी पट मोकळा असताना सगळ्या लढती एकदा संथ गतीत करून घ्या.

प्रश्न : ऐन वेळी कोणी चाल विसरलं तर? – पहिल्या पत्रातलेच कार्यवाह

उत्तर : पुकारणारा कशाला आहे? चाल त्याने मोठ्याने पुकारायची, “पांढरा घोडा, बी-५!” आणि मगच माणूस हलणार. त्याच्या हातात सगळ्या चालींचा कागद, शेजारी डाव समजणारा एक जण छोटा पट घेऊन. तरीही कोणी चुकीच्या घरात गेलंच, तर पुकारणाऱ्याने त्याला दरबारी भाषेत खडसावून परत पाठवावं. लोक हसतील, टाळ्याही देतील. माइक मात्र दोन ठेवा.