वस्तीतील मुलांना कोयत्यापासून दूर ठेवणारे उपक्रम खरोखर उपयोगी पडतात का?

आपल्या वस्तीतील चौदा-पंधरा वर्षांची मुले कोयते बाळगू लागली आहेत, मंडळातील ज्येष्ठांच्या मते त्यांना एकदा कारागृह दाखवून आणले की धाक बसेल, आणि अशा उपक्रमांचा उपयोग होतो का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यातील एका वस्तीच्या अभ्यासिकेत नऊ वर्षे रोज संध्याकाळी बसतो. तो अनुभव आणि थोडेफार वाचन यांच्या आधारे लिहितो.

कारागृहाची सहल आधी रद्द करावी. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील राहवे येथील तुरुंगात १९७० च्या दशकात हाच प्रयोग झाला होता. जन्मठेपेचे कैदी मुलांच्या अंगावर ओरडून त्यांना तुरुंगातील आयुष्याची भीती घालत. या धर्तीच्या उपक्रमांची पुढे चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट पाडून तपासणी झाली, तेव्हा सहलीला गेलेल्या मुलांच्या हातून न गेलेल्यांपेक्षा अधिक गुन्हे घडल्याचे दिसले. मला त्याचे नवल वाटले नाही. आमच्याकडील एका मुलाने स्वतःची धिंड निघाली त्याचाच व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता, आणि खाली लिहिले होते, ‘भाऊ परत येतोय’.

याउलट शिकागोतील ‘बिकमिंग अ मॅन’ हा उपक्रम मला अनुकरणीय वाटतो. गरीब भागांतील शाळकरी मुलांचा छोटा गट आठवड्यातून एकदा एका मोठ्या माणसाबरोबर तासभर बसतो. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी याचीही चिठ्ठ्या टाकूनच तपासणी केली. उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. त्यातील एक खेळ मी आमच्याकडे करून पाहिला. एका मुलाच्या मुठीत रबरी चेंडू द्यायचा आणि जोडीदाराला तो तीस सेकंदांत मिळवायला सांगायचे. आमच्या दहाही जोड्यांनी बोटे पिरगाळली, एकाचा शर्ट फाटला. नंतर मी चेंडूवाल्यांना विचारले, ‘नुसता मागितला असता तर?’ बराच वेळ कोणी बोलेना. मग एकजण म्हणाला, ‘दिला असता की सर, मला काय करायचाय?’ भांडणातला तो एक क्षण, जेव्हा समोरचा काय करील हे आपण स्वतःच ठरवून टाकतो, तो मुलांना असा हातात धरून दाखवता येतो. व्याख्यानाने ते साधत नाही, आणि एका दिवसाच्या शिबिराने तर नाहीच.

खेळाचे मैदानही उपयोगी पडते. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांचा फुटबॉल सुरू केला, त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. मात्र चेंडू आणि टी-शर्ट वाटून कोणी निघून गेले तर चार दिवसांत मैदान मोठ्या पोरांच्या ताब्यात जाते, हे मी पाहिले आहे. ठरलेल्या वेळी ठरलेला माणूस तिथे असलाच पाहिजे, आणि ती वेळ शक्यतो सायंकाळी सहा ते साडेनऊ ही असावी, कारण आई कामावरून परतलेली नसते आणि कट्टा भरू लागलेला असतो. मंडळाने सहलीच्या बसचे भाडे एखाद्या होतकरू तरुणाच्या मानधनासाठी वापरावे, असे मी सुचवीन.

खरी कसोटी लागते ती निरीक्षणगृहातून, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात तिथून, परतलेल्या मुलाच्या बाबतीत. २०१५ चा बाल न्याय कायदा त्याला नव्याने सुरुवात करू देण्याचे तत्त्व मानतो आणि बाल न्याय मंडळ समुपदेशनाचे किंवा समाजसेवेचे आदेशही देऊ शकते, पण अभ्यासिकेच्या दारात कायदा येऊन उभा राहत नाही. ‘तो येणार असेल तर आमची मुले येणार नाहीत’, असे पालक सांगतात. पहिल्यांदा मी नमते घेतले. तो मुलगा महिनाभर बाहेरच्या पायरीवर बसत असे, पुढे दिसेनासा झाला. दुसऱ्या मुलाच्या वेळी मी पालकांना नकार दिला. पाच मुले यायची थांबली, त्यांतील तीन पंधरा दिवसांत परत आली.