शब्दचर्चा : अंगच्या दमाचं इंजिन

प्रश्न कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एका मराठी वाचकाचा आहे. त्यांच्याकडे २०१३ची सायन एफआर-एस आहे, म्हणजे जपानात जी टोयोटा ८६ म्हणून विकली गेली तीच. गाडीची ताकद वाढवायची आहे. इंजिन आहे तसं बिनटर्बोचं ठेवून हेडर (जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या), इनटेक (हवा आत घेणारी नळी), ट्यून (इंजिनाच्या संगणकाची नवी जुळणी) असं करत जावं, की सरळ हवा दाबून भरणारा सुपरचार्जर किंवा टर्बो बसवावा, यावर ते मित्रमंडळींसाठी मराठीत टिपण लिहितायत आणि अडलेत शब्दांपाशी. आपली हवा आपण ओढणाऱ्या ‘नॅचरली ॲस्पिरेटेड’ (एनए) इंजिनाला ‘नैसर्गिक महाप्राण’ आणि हवा दाबून भरण्याच्या ‘फोर्स्ड इंडक्शन’ला ‘सक्तीचं प्रवर्तन’ म्हटलं तर चालेल का? जाता जाता, दोन्हींतलं घ्यावं काय, हेही त्यांनी विचारलंय.

‘सक्तीचं प्रवर्तन’ आधी निकालात काढू. प्रवर्तन हे शाळेच्या विज्ञानात चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यापाशी भेटतं, तिथेच ते शोभतं. इथे इंडक्शन म्हणजे इंजिनात हवा घेणं, बस्स. ‘सक्तीचं प्रवर्तन’ हे एखाद्या सरकारी मोहिमेचं नाव वाटतं.

तरी हे परवडलं. गाड्यांच्या मराठी माहितीत हल्ली ‘नैसर्गिकरीत्या आकांक्षित इंजिन’ दिसायला लागलंय, त्याने माझं डोकं फिरतं. इंजिनाला कसली आकांक्षा? आयएएस व्हायचंय? श्वासाचा लॅटिन धातू ‘स्पिरारे’. त्यातून इंग्रजीत एक शब्द, ‘ॲस्पिरेट’, श्वासाकडे गेला, दुसरा, ‘ॲस्पायर’, महत्त्वाकांक्षेकडे. संगणकाने चुकीची फांदी धरली आणि माणसाने न वाचता छापलं. गॅरेजमधला पोरगा ‘साधं इंजिन’ म्हणतो, तो या भाषांतरकारापेक्षा दहापट शहाणा.

पण त्याच पोराचं एक मला चालत नाही. हवा दाबून भरणारं काहीही दिसलं की तो ‘टर्बो’ म्हणतो. सायलेन्सरकडे निघालेल्या जळक्या वायूच्या जोरावर फिरतो तो टर्बो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो तो सुपरचार्जर. पहिल्याचं पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखीने १९०५ साली घेतलं. ‘टर्बाइन’ हा शब्द त्याआधीचा, १८२२चा. क्लोद ब्युर्दां या फ्रेंच माणसाने तो लॅटिन ‘टर्बो’वरून घडवला. त्या ‘टर्बो’चा अर्थ भोवरा, वावटळ. तेव्हा पट्ट्याच्या यंत्राला टर्बो म्हणू नका.

आता ‘महाप्राण’. व्याकरणात ‘ॲस्पिरेटेड’ म्हणजे महाप्राणच, त्यामुळे कल्पना छान आहे, फक्त नेमकी उलटी झालीय. आपल्या वर्णमालेत क, प अल्पप्राण आणि ख, फ महाप्राण. ‘प’ म्हणताना तोंडापुढे तळहात धरा, मग ‘फ’ म्हणा. ओठ तेच, जागा तीच, वाऱ्याचा झोत मात्र जास्त. म्हणजे महाप्राण म्हणायचंच तर ते टर्बोवाल्या इंजिनाला. साधं इंजिन बिचारं अल्पप्राण! हे सांगितल्यावर त्या गाडीचे चाहते भांडायला उठतील, म्हणून ही जोडी मी बाद करतो.

खरा शब्द तुमच्या तोंडात आधीपासून आहे: दम. ‘गाडीत दम नाही’ असं आपण म्हणतोच. दम लागणे, दम खाणे, दम कोंडणे, बेदम, दमा, सगळीकडे श्वास. हा फारसी ‘दम’, अर्थ श्वास. पण गंमत पुढे आहे. फारसीत ‘दमीदन’ म्हणजे फुंकणे, आणि त्याचा सख्खा भाऊ संस्कृतात ‘ध्मा’, रूप ‘धमति’. गीतेच्या पहिल्या अध्यायात भीम पौण्ड्र शंख फुंकतो, तिथलं क्रियापद ‘दध्मौ’, ते याच धातूचं. ‘धमनी’ही इथलीच, मुळात फुंकायची नळी, मग शरीरातली नळी. म्हणजे मावळ्याच्या छातीतला दम आणि वैद्याच्या बोटाखालची धमनी ही एकाच घरातली माणसं, एक इराणला जाऊन परतलेलं आणि एक इथेच राहिलेलं. आणि आता ऐका: फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास तर आहेच, लोहाराच्या भात्यालाही ‘दम’च म्हणतात! स्वतःहून घेतलेली हवा आणि बाहेरून मारलेली हवा, दोन्ही एका शब्दात. तुमचा अख्खा प्रश्न या एका अक्षरजोडीत बसलाय. माझं तर स्पष्ट मत आहे की इंजिनासाठी दुसरा शब्द शोधायची गरजच नव्हती.

इथे काही शुद्धिवादी मंडळी हात वर करतात. त्यांच्या मते मराठीतला दम हा संस्कृत ‘दम्’ म्हणजे आवरणे, वश करणे यातून आला, शम-दमातला दम. अहो, जिना चढून माणसाला ‘दम लागला’ तर त्याने कोणती इंद्रियं वश केली? ‘दमा’ झालेला माणूस योगी असतो का? फारसीचं नाव घ्यायला जीभ जड होते म्हणून श्वासाला संयमाच्या दावणीला बांधायचं, ही व्युत्पत्ती नव्हे, हा सोवळेपणा आहे. फार तर ‘दमदाटी’तला दम मी त्यांना देऊन टाकतो. ‘दमणे’ मात्र देणार नाही.

तर एनए इंजिनाला म्हणा ‘अंगच्या दमाचं’. दुसऱ्याला ‘भात्याचं’. भाता म्हणजे संस्कृत ‘भस्त्रा’, चामड्याची पिशवी. म्हणून बाणांचाही भाता आणि लोहाराचाही भाता. भस्त्रिका प्राणायामही तिच्यातलाच. कुणी म्हणेल, ‘छातीचा भाता’ही होतोच की, मग फरक काय राहिला? राहिला. छातीचा भाता आपला आपण हलतो, लोहाराचा कुणीतरी ओढावा लागतो, आणि सुपरचार्जर ओढायला इंजिनालाच आपल्यातली थोडी ताकद द्यावी लागते. शिवाय हे नाव मी ओढूनताणून आणलेलं नाही. सुपरचार्जरचा जो रूट्स नावाचा प्रकार आहे, तो अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंचा, १८६०च्या पेटंटचा. गाड्या तेव्हा नव्हत्याच. ते यंत्र कामाला आलं ओतशाळांच्या भट्ट्यांत वारा मारायला! वंशावळच भात्याची आहे. इंग्रजांनीही सुपरचार्जरवाल्या बेंटलीला ‘ब्लोअर’च म्हटलं.

बेंटलीवरून आठवलं, तुमचा वाद शंभरेक वर्षं जुना आहे. त्या गाड्या बनवणाऱ्या डब्ल्यू. ओ. बेंटलीचा स्वतःचा सुपरचार्जरला कडवा विरोध. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, हे त्याचं म्हणणं. ३ लिटरच्या जोडीला त्याने साडेचारचं आणि साडेसहाचंही काढलं. त्याच्याच गाड्या शर्यतीत चालवणाऱ्या टिम बर्किनने हट्टाने भाता बसवला. ती गाडी १९३०च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये दुसरी आली, पण ले मान्सची २४ तासांची शर्यत तिने कधी जिंकली नाही. १९२९ आणि १९३० या दोन्ही साली ले मान्स जिंकली ती साडेसहा लिटरची, अंगच्या दमाची स्पीड सिक्स. तुमच्या गाडीच्या पुढच्या पिढीत, २०२१च्या जीआर ८६मध्ये, टोयोटा-सुबारूने हेच केलं. २ लिटरचं २.४ केलं. सुबारूकडे त्याच घराण्यातलं टर्बो इंजिन तयार असताना या गाडीला ते दिलं नाही.

हां, तुमची गाडी. तुमच्या इंजिनाची ताकद मिनिटाला ७००० फेऱ्यांना २०० अश्वशक्ती, आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा दाबली जाण्याचं प्रमाण, १२.५ला १, आधीच चिकार. मधे साधारण ३५०० ते ४५०० फेऱ्यांच्या दरम्यान टॉर्कला, म्हणजे फिरवण्याच्या जोराला, खड्डा पडतो, गाडी तिथे मरगळते. रोज चालवताना तुम्हाला छळतो तो हाच खड्डा, कमाल ताकदीचा आकडा नव्हे. चांगला हेडर आणि ट्यून यांनी तो बराच भरतो. त्यापुढे एनएच्या वाटेने दर अश्वशक्तीमागे पैसे भराभर वाढतात आणि हाती थोडकं लागतं.

भात्याचं गणित सोपं आहे. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), त्यावर ७चा बूस्ट, म्हणजे जादा दाब, मारला की सिलिंडरात जवळजवळ दीडपट हवा. पण दाबलेली हवा तापते, आणि १२.५च्या कॉम्प्रेशनला ती उरलेल्या पेट्रोलला ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच पेटवू बघते. मग इंजिन ठोकतं. तुमच्याकडे पंपावर फार तर ९१ ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं (हा आकडा जितका मोठा तितकं ठोकणं कमी), म्हणून बूस्ट कमी, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आणि सावध ट्यून हवंच. उंचीवर मात्र भाता जिंकतो. तुमच्याकडच्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात टायोगा खिंड ३००० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब सुमारे ३० टक्के कमी. तिथे अंगच्या दमाच्या गाडीला शब्दशः दम लागतो.

मी तुमच्या जागी असतो तर ट्रॅकवर जाणार असल्यास आधी ऑइल कूलर घेतला असता. ही इंजिनं तिथे तेल फार तापवतात. रस्त्यावरच चालवणार असाल आणि ताकद खरंच हवी असेल तर पट्ट्याचा सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर, मोजक्या बूस्टवर. त्याचा जोर फेऱ्यांबरोबर चढत जातो, त्यामुळे गाडीचा वरच्या फेऱ्यांचा स्वभाव बिघडत नाही. टर्बोचा धक्का मजेदार असतो, पण ही गाडी त्या धक्क्यासाठी केलेली नाही, असं माझं मत. काहीही घ्या, कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाच्या मान्यतेचा क्रमांक असलेलंच घ्या. बिनमान्यतेचा हेडर स्मॉग तपासणीत, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीत, नुसता डोळ्यांनी बघून नापास करतात, आणि २०१३ची गाडी आता त्या तपासणीतून सुटत नाही.